बी धरावं असं टमाटं

पडेगावात दौलताबाद रोडवरून आत वळलं, की दुसऱ्या गल्लीत सखाराम दाभाडेचं घर. घराचा नंबर गल्लीत कुणाला पाठ नव्हता. पण "गच्चीवर रंगाचे डबे दिसतात ते" एवढं म्हटलं, की शेंबडं पोरगंसुद्धा बोट दाखवायचं. त्या डब्यांत टमाट्यांची झाडं होती.

सखाराम एसटीत ड्रायव्हर होता. जवळजवळ सगळी नोकरी एकाच रस्त्यावर गेली. औरंगाबादहून निघायचं, फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठ्याचा घाट उतरायचा आणि सोयगावला जाऊन चहा प्यायचा. शहराचं नाव बदललं तेव्हा तो रिटायर होऊन घरी बसला होता. त्यामुळं 'छत्रपती संभाजीनगर' अशी पाटी लावून आपण कधी गाडी काढली नाही, याची त्याला बारीकशी रुखरुख होती.

टमाट्याचं वेड त्याला गाडीतच लागलं. सोयगावच्या अलीकडं एका फाट्यावर साळूबाई नावाची शेतकऱ्याची बायको बाजारच्या दिवशी गाडीला हात करायची. डोक्यावर टमाट्यांची पाटी, आणि आवाज असा, की इंजिन बंद पडलं की काय वाटावं. एकदा फाटा सुटला नाही तोच म्हैस आडवी आली. सखारामनं करकचून ब्रेक दाबला. म्हैस वाचली, पण साळूबाईची पाटी उलटली आणि टमाटे गाडीभर झाले. काही सीटखाली गेले, काही पायऱ्यांवरून खाली उतरले, दोन तर थेट ड्रायव्हरच्या पायाशी आले.

"ए ड्रायव्हर! म्हैस काय तुझी सासू लागत व्हती का?" साळूबाई ओरडली.

सगळी गाडी हसली. सखाराम मात्र खाली उतरून टमाटे वेचायला लागला. त्याला वाकलेला बघून साळूबाईचा राग निवला. फुटलेले टमाटे तिनं एका फडक्यात बांधले आणि त्याच्या हातात दिले. "घे. तूच फोडलेस, तूच खा. पण बी फेकू नको. माझ्या सासूच्या हातचं बी हाय."

त्या संध्याकाळी लीलाबाईनं, म्हणजे सखारामच्या बायकोनं, त्याची चटणी केली. लसूण, लाल तिखट, वरून शेंगदाण्याचं कूट. सखाराम दोन भाकरी खायचा तिथं चार खाऊन उठला. टमाटे चिरलेल्या ताटात राहिलेल्या बिया त्यानं पेपरावर वाळवल्या आणि एका फुटक्या बादलीत पेरल्या.

तिथून पुढं त्याला नादच लागला. खुलताबादला ड्युटी लागली, तर तिथल्या एका फुलवाल्यानं दारातलं पिवळं टमाटं दिलं. त्याचा कंडक्टर कारभारी यानं आपल्या गावाकडचं आंबट आणलं. साल इतकी पातळ, की नुसतं बोट लावलं तरी रडायचं. फुलंब्रीच्या एका म्हातारीनं चपटं दिलं, भोपळ्यासारख्या फाका असलेलं. असं करता करता सात-आठ जाती जमल्या. बाजारातल्या टमाट्याला सखाराम टमाटं म्हणायचाच नाही. "रबरी चेंडू हायेत ते," म्हणायचा. "गाडीच्या टपावरून फेकला तरी उसळी घेऊन परत टपावर येईल."

बी धरायची त्याची पद्धत ठरलेली होती. झाडावरचं सगळ्यात देखणं फळ हेरायचं आणि त्याच्या देठाला लाल फडक्याची चिंधी बांधायची. चिंधी बांधली, की त्या फळाला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही. ते झाडावरच मऊ पडेपर्यंत पिकू द्यायचं, मग त्याचा गर ग्लासात काढून तो फसफसेपर्यंत ठेवायचा, धुवायचा, बशीत वाळवायचा. घरात त्या ग्लासाचा वास सुटायचा. एकदा तर कारभारी भेटायला आला आणि ओट्यावर ठेवलेला स्टीलचा ग्लास गार सार समजून त्यानं एका दमात रिकामा केला. मग लीलाबाईला म्हणाला, "वहिनी, सार बरंय, पण कालचं हाय का?" सखारामनं कपाळावर हात मारून घेतला. फुलंब्रीचं बी होतं ते. त्या साली ती जात जवळजवळ गेलीच होती.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग सूनबाईनं वर खोली बांधायचं काढलं.

सखारामचा मुलगा धम्मपाल वाळूजला कंपनीत होता आणि त्याची बायको मेघा शिवणकामात हुशार होती. गल्लीतल्या मुली तिच्याकडं ब्लाऊज शिकायला यायच्या. एवढ्या यायच्या, की पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. गच्चीवर एक मोठी खोली काढायची, मागच्या बाजूनं वेगळा जिना काढायचा आणि रीतसर क्लास सुरू करायचा, असं नवरा-बायकोनं ठरवलं. सखारामला सून जीव की प्राण होती. त्यानं ऐकताक्षणी सांगितलं, "काढा की! झकास काढा." आणि मग गच्चीवर जाऊन डब्यांकडं बघत कितीतरी वेळ उभा राहिला.

मेघाला ते कळत होतं. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "मामा," ती म्हणाली, "टाकीजवळचा कोपरा मी तुमच्यासाठी सोडायला सांगितलाय. चार डबे आरामात बसतील."

"चार डब्यांत चार जाती," सखारामचा चेहरा जरा उजळला.

"एकच," लीलाबाई खालूनच बोलली. तिचे कान तिखट होते. "एकेका झाडावर जात राहती का कुठं? एक झाड वाळलं, की जात गेली. मागच्या उन्हाळ्यात काय झालं, इसरले? नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, अन् तुम्ही माझ्या तांदूळ धुतलेल्या पाण्यावर टपून बसायचे. चारी डब्यांत एकच लावा, पण नीट लावा."

ती खोटं बोलत नव्हती. सखारामलाही ते ठाऊक होतं. बी पुडीत बांधून ठेवलं तर काही वर्षं टिकतं, पण कधीतरी मातीत गेलंच पाहिजे. आणि माती आता चारच डबे उरणार होती.

"मंग ठरलेलंच हाय," तो म्हणाला. "साळूबाईचंच राहणार."

"खाऊन तरी ठरवा," मेघा म्हणाली. "सगळ्यांना बोलवू. यंदा भरपूर लागलेत. सगळे चाखतील आणि सांगतील."

ही कल्पना सखारामला पटली, कारण निकाल काय लागणार याची त्याला खात्री होती.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी गच्चीवर सतरंजी पडली. कारभारी आला. शेजारचे सुदर्शन आणि तनुजा आले. सुदर्शन मूळचा शेतकरी घरातला, आता धम्मपालच्याच कंपनीत होता, आणि गावाकडचा विषय निघाला की त्याला चेव चढायचा. लीलाबाईनं खालून बाजरीच्या भाकरी, मीठ आणि चिरलेल्या टमाट्यांच्या ताटल्या पाठवल्या.

अर्ध्या तासात गच्चीवर ग्रामसभा भरल्यासारखा गलका झाला. कारभारीला त्याच्या गावचं आंबटच भारी वाटत होतं आणि बाकी सगळे टमाटे त्याला गुळमट लागत होते. सुदर्शन चपट्यावर अडून बसला होता. "एका टमाट्यात चार माणसांची भाजी," तो म्हणत होता, "ह्याला म्हणतात टमाटं." तनुजानं खुलताबादचं पिवळं उचललं, कारण त्यानं पित्त होत नाही असं तिला वाटत होतं. मेघालाही पिवळंच आवडलं, पण ते फोटोत छान दिसतं म्हणून. धम्मपालनं सगळ्यांचं थोडं थोडं खाल्लं आणि सगळंच चांगलं आहे म्हणाला, त्यामुळं सगळेच त्याच्यावर उखडले.

"तुम्हाला जिभा नायत," शेवटी सखाराम वैतागून म्हणाला. "साळूबाईचं टमाटं मी डोळे झाकून ओळखीन. हजारात ओळखीन."

"झाका मग," कारभारी म्हणाला. जुना कंडक्टर तो. ड्रायव्हरला तो मालक म्हणायचा, आणि मालकाला कोंडीत पकडायची संधी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला आणि सखारामच्या डोळ्यांवर घट्ट बांधला.

लीलाबाई तेवढ्यात शेवटची ताटली घेऊन वर आली होती. कारभारीनं एकेक फोड सखारामच्या तोंडात द्यायला सुरुवात केली.

"कारभारीचं," सखाराम म्हणाला. बरोबर होतं, ते कुणीही ओळखलं असतं. "हे चपटं... ही पिवळ्याची साल लागती दाताला." तीही बरोबर. मग एक फोड चावून तो म्हणाला, "हे काय खास नाय. असंच कायतरी." आणि त्याच्या पुढची फोड तोंडात गेली तसा तो थांबला. हळूहळू चावली. चेहऱ्यावर हसू पसरलं.

"हे बघा! हे साळूबाईचं. आधी गोड लागतं, मग आंबट मागून येतं, अन् गिळलं तरी तोंडात चव राहती. याच चवीवर मी चार भाकरी खाल्ल्या होत्या. सांगा आता, हाय का दुसरं असं?"

कुणाला तरी हसू आवरत नव्हतं, ते सखारामला ऐकू येत होतं. त्यानं पंचा ओढून काढला.

कारभारीनं आधीच्या ताटलीकडं बोट दाखवलं. "मालक, ज्याला तुम्ही 'खास नाय' म्हणलात ना, ते साळूबाईचं."

"मंग हे कुठलं?"

आता सगळ्यांनी लीलाबाईकडं बघितलं. ती पदरानं हात पुसत होती. "मोरीतलं," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या मागं, मोरीचं पाणी जिथं बाहेर पडायचं, तिथं टमाट्याची रोपं दरसाल आपोआप उगवायची आणि एखादं झाड मोठं व्हायचं. बाजारातल्या कुठल्यातरी टमाट्याच्या बिया खरकट्यातून तिथं पडल्या असतील. सखारामनं ते झाड पाहिलेलं होतं. "उपटून टाक ते गबाळ," असं तो दरसाल सांगायचा आणि लीलाबाई दरसाल "व्हय, टाकते" म्हणायची.

"तू मुद्दाम ताटलीत ठेवलंस," सखाराम म्हणाला.

"ठेवलं. रोज खाताच की. एक दिवस डोळे बांधून खाल्लं तर काय झालं?"

"रोज?"

"मंग तुमची चटणी कशाची व्हती इतकी वर्षं? तुम्ही चांगलं फळ दिसलं की चिंधी बांधता. चिंधीला हात लावायचा नाय. उरलेल्यांत किडकं, फुटकं, कच्चं. मी सैपाक कशाचा करायचा? मागं जाते, मोरीतली चार तोडते, चटणी करते. अन् तुम्ही म्हणता, वा लीले, साळूबाईच्या टमाट्याची सर कशाला नाय!"

मग जे हसणं सुरू झालं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. कारभारी सतरंजीवर आडवा पडला. धम्मपालला ठसका लागला. सखारामनंही हसायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही. त्यानं त्या ताटलीतली आणखी एक फोड घेतली, या वेळी उघड्या डोळ्यांनी. चव तीच होती. तोच गोडवा, मागून येणारा तोच आंबटपणा.

"पण हे बाजारच्या बियाचं," तो पुटपुटला. "पुढच्या साली असंच येईल कशावरून?"

"पहिल्या सालापासून सांगू?" लीलाबाई म्हणाली. "पहिल्यांदा तर तिथं हर तऱ्हेचं आलं. एक लांबुळकं, एक बोराएवढं, एक नुसतं पाणी. मी वाईट ते उपटलं, चांगलं ते ठेवलं. दरसाल तसंच केलं. आता दोन-तीन सालांपासून सगळी सारखीच येतात." मग ती म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना उपट. उपटतच व्हते की मी."

त्या दिवसानंतर सखारामच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. बायकोचा राग नव्हता. उलट, आपल्या नाकाखाली हे सगळं चाललं आणि आपल्याला पत्ता नाही, याचंच त्याला कौतुक वाटत होतं. पण साळूबाईचं काय करायचं? तिच्या सासूच्या हातचं बी. इतकी वर्षं सांभाळलं, लोकांना त्याच्या गोष्टी सांगितल्या, आणि आता ते चार डब्यांतून बाहेर काढायचं? ड्रायव्हरला प्रवासी अर्ध्या रस्त्यात उतरवता येत नाही, असं काहीसं त्याला वाटत राहिलं.

शेवटी एका सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. "सोयगावला जाऊन येतो," म्हणाला.

लीलाबाईनं कशाला म्हणून विचारलं नाही. तिनं भाकरी आणि टमाट्याची चटणी बांधून दिली. सखारामनं पिशवीत साळूबाईच्या जातीचे पिकलेले टमाटे घेतले आणि खिशात त्याच्या बियांची पुडी.

बसमध्ये तो मुद्दाम पुढं बसला. ड्रायव्हर राजकुमार नावाचा तरुण माणूस होता. घाटात त्यानं गिअर टाकला, की सखारामचा डावा पाय आपोआप क्लचवर गेल्यासारखा दाबला जायचा. राजकुमारनं आरशातून ते पाहिलं. "काका, स्टाफ का?" त्यानं विचारलं. "व्हतो," सखाराम म्हणाला, आणि मग फाटा येईपर्यंत दोघांची तोंडं बंद झाली नाहीत.

फाट्यावर उतरून त्यानं साळूबाईचं घर विचारलं. ती आहे की नाही हेही त्याला माहीत नव्हतं. पण होती. अंगणात खाटेवर बसून मिरच्यांचे देठ काढत होती. केस पांढरेशुभ्र झाले होते, पाठ वाकली होती. आवाज मात्र तसाच होता.

"कोन ते? उजेडात ये."

"बाई, मी सखाराम. सोयगाव गाडीचा ड्रायव्हर. म्हशीला वाचवलं अन् तुमची पाटी सांडली, तो."

साळूबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. ओळख पटायला थोडा वेळ लागला, आणि पटली तशी ती कडाडली, "आता आलास व्हय माफी मागायला? इतक्या वर्षांनी?"

सखाराम हसत हसत खाटेच्या टोकाला बसला. तिच्या मुलानं, शिवराजनं, पाणी दिलं आणि चहा टाकायला सांगितलं. सखारामनं पिशवी उघडून टमाटे पुढं ठेवले. साळूबाईनं एक उचललं, हातात फिरवलं, देठाजवळ नाक नेलं.

"हे तर आमच्या आत्याबाईचं," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "कुठं मिळालं तुला?"

"तुम्हीच दिलेलं. फडक्यात बांधून. तेव्हापासून दरसाल लावतो."

साळूबाईनं टमाटं तसंच तोंडाला लावलं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तो तिनं पुसलाही नाही.

"आमच्यातून गेलं हे," खाऊन झाल्यावर ती म्हणाली. "विहीर आटली त्या सालीच गेलं. मंग पोरानं मिरची धरली. मला वाटलं, आत्याबाईचं बी माझ्या हातून मोडलं. लई दिवस वाईट वाटत व्हतं."

सखारामनं खिशातली पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उघडली नाही, नुसती मुठीत धरून ठेवली. मग कमरेची चंची सोडून तिच्यात ठेवली आणि गाठ मारली.

चहा आला. आणि मग सखारामनं तिला सगळं सांगितलं: वरची खोली, चार डबे, डोळ्यांवरचा पंचा, मोरीतलं झाड. साळूबाईला इतकं हसू आलं, की सुनेला आतून बाहेर यावं लागलं.

"मंग आता अडलंय कशाला?" तिनं विचारलं.

"तुमचं बी काढून दुसरं लावायचं, मनाला पटंना."

"अरे बाबा, माझं बी आता माझ्या दारात राहील. तू काय जन्मभर माझी पाटी डोक्यावर घेऊन फिरणार का? तुझ्या जिभेनं काय सांगितलं? तेच लाव." मग तिनं हात पुढं केला. "अन् ते बायकोचं टमाटं आणलंस का? मला तरी कळू दे."

सखारामनं लीलाबाईची शिदोरी सोडली. साळूबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि डोळे मिटून खाल्ला. सखाराम तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग आणखी एक घास घेतला. "लई चांगलं हाय. पण आत्याबाईच्या टमाट्याइतकं नाय."

"असं कसं? मी तर डोळे बांधून..."

"तुझी जीभ तुझ्याकडं, माझी माझ्याकडं," साळूबाई म्हणाली आणि उरलेली चटणी आपल्या पुढ्यात ओढून घेतली.

परतीच्या गाडीत सखारामला झोप लागली. इतकी शांत, की सिल्लोड कधी गेलं तेही कळलं नाही.

गल्लीत वळला तेव्हा दिवस मावळायला आला होता. घराच्या कोपऱ्यावर ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा दिसल्या. बांधकामाची वाळू उद्या येणार होती. ती आजच आली होती. लीलाबाई गोळ्या आणायला मेडिकलवर गेलेली, मेघा पुढच्या खोलीत मुलींना कटिंग शिकवत होती, आणि ट्रॅक्टरवाल्यानं "जिना मागं ना?" एवढं विचारून अख्खी ट्रॉली घराच्या मागं रिकामी केली होती.

सखाराम मागं धावला. मोरीच्या तोंडाशी, जिथं झाड होतं, तिथं त्याच्या छातीएवढा वाळूचा ढीग होता.

त्यानं पिशवी टाकली आणि इस्त्रीच्या शर्टासकट गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागला. फावडं घेतलं तर झाड तुटायची भीती. मेघाला आवाज आला तशी ती धावत आली. "मामा, मला वाटलं ते पुढं टाकतील!" असं म्हणत तीही बसली. तिच्यामागून क्लासच्या मुली आल्या. कुणी तगारी आणली, कुणी ताटल्या. वरून उपसावी तशी वाळू पुन्हा घसरायची. सगळ्यांच्या कोपरापर्यंत वाळू, केसांत वाळू.

लीलाबाई मेडिकलवरून आली आणि बघतच राहिली. "काय चाललंय हे? कुनाला पुरलं का काय?"

"तुझं टमाटं!" सखाराम धापा टाकत ओरडला.

"राहू द्या हो, टमाटंच हाय ते," लीलाबाई म्हणाली. पण म्हणता म्हणता तिनं पदर खोचला आणि त्याच्या शेजारी बसली. झाड नेमकं कुठं आहे हे तिलाच माहीत होतं. "तिकडं नाय, इकडं. भिंतीला लागून." तिनं दोन ठिकाणी हात घातला, आणि तिसऱ्यांदा तिच्या बोटांना फांदी लागली.

झाड पार मोडलं होतं. बरीचशी फळं चेंगरली होती. पण भिंतीकडच्या फांदीला एक पिकलेला घोस शाबूत होता, वाळू लागलेला, लालभडक. लीलाबाईनं तो तोडून पदरात घेतला तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. सखाराम वाळूच्या ढिगाला टेकून बसला.

"साळूबाई भेटली का?" लीलाबाईनं हळूच विचारलं.

"भेटली. बी दिलं तिला परत." त्यानं दम घेतला. "ती म्हणाली, तुझ्यापेक्षा तिचंच भारी हाय."

"तिची म्हातारीची जीभ," लीलाबाई फणकारली. "आपल्यात कुनाचं धरायचं ठरलं मंग?"

"हे," सखाराम तिच्या पदराकडं बोट दाखवत म्हणाला. "चारी डब्यांत हेच."

खोली झाली, जिना झाला, मेघाचा क्लास वर गेला. बाकीच्या जाती सखारामनं उदार मनानं वाटून टाकल्या. कारभारी आपलं आंबट घेऊन गेला, चपटं सुदर्शनच्या गावच्या शेतात गेलं, पिवळं तनुजाच्या बाल्कनीत. पावसाळ्यानंतर टाकीजवळच्या डब्यांत लीलाबाईच्या टमाट्याची रोपं उभी राहिली. बी मोरीतलं असलं तरी मान मोठा होता. रोपांना सुतळीनं बांधायचं काम सखारामचं, आणि कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, हे ठरवायचं काम लीलाबाईचं. दोन झाडांना लांबुळकी फळं धरली, तर तिनं ती बिनदिक्कत उपटली. सखाराम कळवळला, पण मधे पडला नाही.

क्लासच्या मुली येता-जाता ती फळं बघायच्या. एकीनं विचारलं, "आजोबा, हे कुठलं हो टमाटं? नाव काय?"

"लीलाबाई," सखाराम म्हणाला.

"अहो, टमाट्याचं नाव विचारतीय ती," जिन्यावरून लीलाबाई ओरडली.

"टमाट्याचंच सांगतोय."

मुली खिदळत वर पळाल्या. लीलाबाई खोटं खोटं रागावली, माणसाचं नाव टमाट्याला देतं का कुणी, वगैरे बोलली. मग डब्याशी येऊन तिनं पहिलं पिकलेलं फळ तोडलं, नव्या जिन्याच्या पायरीवर बसून सुरीनं दोन फाका केल्या, मीठ लावलं आणि मोठी फाक नवऱ्याच्या हातात दिली.

"चटणी करायची ना?" सखारामनं विचारलं.

"पुढची येतील त्याची. हे असंच खा."

दोघांनी पायरीवर बसून ते टमाटं खाल्लं. वरच्या खोलीत मशिनी सुरू झाल्या होत्या.